शिंप्याचं मशीन

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या छत्रीची निसटलेली मूठ चिकटवून दिली. "धरून बघ," म्हणाले. मी नुसती मान डोलावली.

त्यांच्या कागदपत्रांसाठी मी वकिलांच्या बाहेरच्या खोलीत बसले होते. शेजारी नुकत्याच वारलेल्या एका शिंप्याची मुलं होती, बहीण आणि भाऊ.

"ताई, आधी लोकांची देणी, मग उरलं तर आपलं. कायदाच आहे तसा."

"म्हणजे अण्णांचं मशीनही विकायचं?"

"यादीत आहे ना ते."

"आई रोज पुसते रे. तिला कोण सांगणार?"

"तू. तू मोठी."

"मोठी फक्त अशा वेळी!"

समोरचे म्हातारे कापडवाले खाकरले. "तुमच्या अण्णांकडे सगळ्यांत जास्त येणं माझं. वकिलांना सांगतो, मशीनची किंमत माझ्या बाकीत धरा."

"तुम्ही नेणार, काका?"

"नेऊन काय करू? मला बटण लावता येत नाही. वहिनींकडेच राहू दे. शर्ट उसवला की येईन."

"पण आईला शिवता येत नाही."

"मग चहा पिऊन जाईन."

बहीण हसली आणि हसता हसता तिनं डोळे टिपले.

मी मांडीवरच्या छत्रीची मूठ धरली.

"छान घट्ट बसलीय, बाबा," मी मोठ्यानं म्हणाले.