लंकेत भाकरी टिकत न्हाय

—व्हय, कडकच हाय की, वाजवून बघा. पण लंकेला न्यायच्या म्हणताय तर देणार न्हाय मी. हसू नका ताई. बावीस वर्षं झाली भवानी पेठेत मला भाकरी थापून, येईल त्या गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगते—कमलम्माची भाकरी हाय, दोन महिनं काय होत न्हाय, दिल्लीला न्या न्हायतर काशीला न्या. पण ती आपल्या सोलापूरच्या कोरड्या हवेची करामत. तितं सगळं हिरवंगार, भिंतीला शेवाळ, दोरीवरचं लुगडं तीन तीन दिवस वाळत न्हाय. चौथ्या दिवशी डबा उघडला तर भाकरीची चपाती झालेली! सहाव्या दिवशी बुरशी. माझ्याच हातची भाकरी, आणि ही साधी गोष्ट मला सुचू नये? अक्कल कुटं चरायला गेल्ती कुणास ठाऊक.

मीच गेल्ते की, गेल्या साली. एकटी. तुमीबी एकट्याच चाललाय? जावा, कोण अडवतंय. मला लेकानं तिकीट काढून दिलं—अनिलकुमार, ऑस्ट्रेलियात असतो. म्हणाला, अव्वा, तू तिकडनं ये, मी हिकडनं येतो, मधी भेटू, पंधरा दिवस निवांत राहू. तुमी जाताय त्याच चहाच्या डोंगरात एका बाईच्या घरी खोली घेतली होती त्यानं. मी आधी जायचं, त्यानं सुट्टी मिळाली की मागनं यायचं. म्हणून साठ भाकरी नेल्या, निम्म्या त्याच्या वाटणीच्या, आणि शेंगाचटणी. का, तर तितं सगळ्यात मासा हो—खोबऱ्याच्या चटणीत पण वाळका मासा कुटून घालत्यात. आमी लिंगायत माणसं, गळ्यात लिंग, कसं खायचं?

दिवस कसे गेले म्हणता? जातच न्हाईत. हितं पाचला पीठ मळायला बसते ती दुपारपतोर मान वर करत न्हाय, आणि तितं हाताला कामच न्हाय. आंघोळ करायची, पूजा करायची, व्हरांड्यात बसून डोंगर बघायचा. ढग खाली येत्यात, चहाची झाडं दिसायची बंद होत्यात, परत ढग वर जात्यात. फणस पिकून खाली पडतोय, कुणी उचलत न्हाय. लई देखणं वो. पण 'हे बघ की' म्हणायला शेजारी माणूस लागतं. मालकीणबाईशी मी मराठी बोलले, कानडी बोलले, ती नुसती हसायची. पण रोज सकाळी माझ्या मऊ पडलेल्या भाकऱ्या एकेक करून चुलीवर शेकून द्यायची. त्याच चुलीवर तिचा मासा शिजायचा—व्हय, ठावं होतं मला. खाल्ल्या मी. इतक्या मायेनं देती म्हटल्यावर काय करणार?

दुपारी स्टेशनवर जायचं. बारकं स्टेशन, आपल्या कुर्डुवाडीच्या एका फलाटाएवढंबी न्हाय. बाकड्यावर बसायचं, निळी गाडी यायची, परकी माणसं उतरायची, गाडी जायची, मी घरी. आठ दिवस तेच. रोज फोनवर म्हणायचा, उद्या निघतो, परवा निघतो. न्हाय आला. साऱ्या पेठेला ठावं हाय, कमलम्माचा लेक आला न्हाय. आईला परमुलखात टाकून दिली म्हणून समोरची शिवबाई अजून शिव्या घालती त्याला—

घालू नये खरं. त्याचं एकट्याचं चुकलं न्हाय. मीच म्हटलं होतं, येशील तर एकटा ये. त्यानं बंगालची बायको केलीय, मासं खाणारी. दोन वर्षं झाली लग्नाला, मी तोंड बघितलं न्हवतं तिचं.

मग नवव्या दिवशी… कशाला सांगतेय मी तुमाला? पिशवी धरा नीट. नवव्या दिवशी उतरला की तो गाडीतनं. आणि मागनं ती. इरकल नेसली होती ताई, त्या पावसात—निऱ्या उलट्या अंगाला खोचलेल्या, पदर दातात धरून बॅग ओढत होती. कुणी शिकवलं असंल तिला? मोबाईलवर बघून नेसली असंल. अनिल हिकडं तिकडं बघत होता, मला हुडकत होता. मी उठले—हाक मारायलाच उठले, देवाशपथ—आणि खांबामागं जाऊन उभी ऱ्हायले. का? अजून कळलं न्हाय. एकटा ये म्हटलं होतं न्हवं, माझाच शब्द मला आडवा आला. ती दोघं पुढनं गेली. पासपोर्ट माझ्या कमरेच्या पिशवीत होता, मी मागच्या अंगानं जाऊन कोलंबोच्या बसमधी बसले. तिथनं त्याला फोन केला, वाट बघून कंटाळले, कालच निघाले म्हणून सांगितलं. मालकीणबाईनं त्याला खरं सांगितलं असंल का ठावं न्हाय, त्यानं कधी विचारलं न्हाय.

दर रविवारी फोन करतो. अव्वा, एक दिवस उशीर झाला, माफ कर म्हणतो. मी म्हणते, असू दे बाळा. ऐकताय का ताई? मी माफ करते त्याला!

माझा डबा तितंच ऱ्हायला, चटणीबी. चार-सहा भाकरी चांगल्या होत्या अजून. तुमी त्या मालकीणबाईला भेटलात तर विचारा, त्या पोरीनं एखादी खाल्ली का… न्हाय, नको. काय विचारू नका. चटणी न्या तेवढी, चटणीला काय होत न्हाय. भाकरी ठेवा खाली. आणि जावा आता, तवा तापलाय माझा.