गोलातली जागा

…अन् खुर्ची काढली हो माझी! दुसऱ्या कुणी नाही, चौथीतल्या पोरीनं काढली, आणि मी स्वतः एका बाजूनं धरून ती खिचडीच्या शेडमध्ये न्यायला मदत केली, आता बोला! नऊ वर्षं बसलो त्या खुर्चीवर, आणि ती पोरगी, ज्ञानेश्वरी, मला म्हणते, "सर, गोलाला टोक नसतंय, मंग खुर्ची कुठं ठिवायची?" बरोबरच आहे ना तिचं! मीच शिकवलेलं, मीच फळ्यावर काढून दाखवलेलं. तुम्हाला सांगतो, आपण शिकवलेलं पोरांना खरंच कळायला लागलं ना, की मास्तरानं सावध व्हावं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, तिसगावच्या पुढं आत एका वस्तीवर. एक खोली, पहिली ते चौथी, पोरं एकवीस, मास्तरांच्या जागा दोन, त्यातली एक रिकामी आणि दुसरी म्हणजे मी, शलमोन मास्तर. घर तिकडं शहरात, सावेडीला. रोज स्कूटरवर करंजीच्या घाटातनं यायचं, घाटातनं जायचं, आणि रात्री बायकोला म्हणायचं, शॅरन, जरा पाठीला तेल लाव गं. नऊ वर्षं!

तर यंदा जूनमध्ये आमचं प्रशिक्षण झालं. वर्ग कसा मांडावा, यावर तीन दिवस! तिथल्या मॅडम काय गोड बोलायच्या… "सर, ओळीत बसवलं की मुलांना फक्त पुढच्याची पाठ दिसते. गोल करा! कोपरे करा! कामं वाटून द्या, नियम मुलांनाच ठरवू द्या! वर्ग म्हणजे एक कुटुंब!" मी सगळं वहीत उतरवून घेतलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच प्रशिक्षणात मला झोप लागली नाही, तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं की काहीतरी चुकतंय.

आलो, आणि लागलो कामाला. बस्करपट्ट्या गोल टाकल्या, खुर्ची गेली ती तेव्हाच, मीही गोलात बसायला लागलो. एक कोपरा वाचनाचा, एक गणिताचा, एक चित्रांचा आणि चौथ्यात पोषण आहाराचा तांदूळ, तो कुठं हलवणार? त्याला तांदूळ कोपरा म्हटलं, तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याचाही फोटो काढला! मग कामं वाटली. चपला कुणी लावायच्या, पाणी कुणी भरायचं, फळा कुणी पुसायचा. ज्याच्या हातात डस्टर तो बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं. नियम पोरांनी केले. एक, गोलातनं उठायचं तर विचारून उठायचं. दोन, रडणाऱ्याला हसायचं नाही. तीन, उशीर झाला तर कारण सांगायचं, आणि ते गोलाला पटलं पाहिजे. आणि चौथा नियम ज्ञानेश्वरीनं सांगितला, "जो जाईल, त्याचं काम वाटून घ्यायचं आन् सरकून बसायचं." मी म्हटलं, वा! सुरेख अक्षरात लिहून भिंतीला लावला. जाईल म्हणजे कुठं जाईल, हे विचारायचं मला सुचलंच नाही बघा.

आणि वर्ग शांत झाला.

तुम्हाला वाटेल, बरं झालं की! अहो कसलं बरं! ज्यानं पहिली ते चौथी एका खोलीत शिकवलीय ना, त्याला विचारा. वर्गात गोंगाट असला की सगळं ठीक आहे. वर्ग शांत असला ना, की समजायचं, काहीतरी शिजतंय. मी फळ्याकडं वळायचो तर पाठीमागं टाचणी पडली तरी ऐकू यावी. वळून बघावं तर एकवीस डोकी आपापली लिहितायत, कुणी कुणाला चिमटा घेत नाही, कुणी "सर, ह्यानं माझा रबर घेतला" म्हणत नाही. पहिलीतला गोरक्षनाथ, जो जुलैपर्यंत रोज बारा वाजता आईच्या नावानं भोकाड पसरायचा, तोसुद्धा गप्प! एकदा मला घाटात ट्रकच्या मागं उशीर झाला, तर त्या गोरक्षनाथानं माझ्या हातात डस्टर दिला आणि नुसता बघत राहिला. सांगितलं हो मी कारण! सगळं सांगितलं, ट्रकचा नंबरसुद्धा सांगितला!

खिचडी करायला मालनबाई येतात. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, मला तर बाई भ्याव वाटाया लागलंय. आमच्या वस्तीवरची पोरं आशी गप कवा बसत्यात म्हाईतंय का? घरात सामान बांधाया लागल्यावर."

मी हसलो. हसायला नको होतं.

दसरा झाला आणि गाड्या लागल्या. आमच्याकडं दरसाल अर्धी वस्ती ऊसतोडीला कारखान्यांवर जाते. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं, सगळं एकाच गाडीत. दरसाल पोरं जातात, दरसाल मी हजेरीपटावर रेघा मारतो, त्यात नवीन काही नाही. पण ओळीत बसलेली पोरं गेली ना, तर मागं जागा रिकामी दिसते, आपल्यालाही जरा चुकल्यासारखं होतं. यंदा सगळ्यात आधी मनकर्णा गेली. सकाळी मी आलो तेव्हा तिची जागा मोकळी. ज्ञानेश्वरीनं डस्टर उचलला, "मनकर्णाचं पान्याचं काम कोन घेतंय?" एकानं हात वर केला. मग ती म्हणाली, "सरका." आणि सगळी पोरं थोडी थोडी सरकली. बस्स. गोल पूर्ण! कुणाला सांगून पटणार नाही की इथं काल एक पोरगी बसत होती. एकही डोळा ओला नाही. त्यानंतर एक तिच्या शेजारचा अमृत सोडला तर मनकर्णाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही, आणि त्यानंही एवढंच विचारलं की तिची पाटी कुठं ठेवू.

पंधरा दिवसांत नऊ पोरं गेली. नऊ वेळा "सरका" ऐकलं मी! एकविसाचा गोल बारावर आला, आणि प्रत्येक वेळी वर्ग आदल्या दिवसापेक्षा शांत. आणि वर्ग शांत असला ना… जाऊ द्या.

आता ह्यात माझं दुखणं ऐका. दिवाळीनंतर विनंती बदल्यांचं पोर्टल उघडलं. नऊ वर्षांत नऊ अर्ज केले होते मी, नऊही वाया. यंदा मात्र सावेडीजवळ जागा रिकामी होती आणि यादीत माझा नंबर पहिला! फक्त शुक्रवारी पाचपर्यंत मोबाईलवर पसंती भरायची. शुक्रवारी दुपारी शॅरनचा फोन आला. आमच्याकडं रेंज येते फक्त हापशाजवळ, तिथं उभं राहून ओरडूनच बोलावं लागतं. मी ओरडलो, "भरतो गं! सावेडीचीच शाळा टाकतो पहिली!" हापशावर सहा बाया होत्या. त्यात मालनबाई.

वर्गात गेलो. शांत. इतका शांत की तांदूळ कोपऱ्यातला उंदीर ऐकू येत होता. ज्ञानेश्वरीच्या हातात डस्टर.

"सर, तुमी जानार?"

मी खाली बसलो. मनात उत्तर तयार होतं हो माझ्या! पोरं रडतील, पायाला मिठ्या मारतील, मी त्यांना समजावीन, नवीन सर येतील, तेही चांगले असतील, मीसुद्धा थोडा रडेन आणि मग जाईन. सगळं ठरवलं होतं. मी म्हटलं, "बाळांनो, पाठ दुखते रे माझी. आणि माझी एंजेला सातवीत आहे, तिच्या अभ्यासाला मी कधी बसलोच नाही. तुम्ही नको म्हणालात तर…"

"सरांनी जावं असं कुनाकुनाला वाटतं?"

बारा हात वर! बारा! एकानंसुद्धा शेजाऱ्याकडं बघितलं नाही. गोरक्षनाथानं तर दोन्ही हात वर केले.

मग चौथा नियम. माझं काम वाटून घेतलं त्यांनी, माझ्यासमोर! हजेरी ज्ञानेश्वरीनं घेतली, बेरजा-वजाबाक्या अमृतनं, गोष्टी सांगायचं रेश्मानं. रागवायचं काम कोण घेतंय म्हटल्यावर गोरक्षनाथ म्हणाला, "मी." चार मिनिटं लागली. नऊ वर्षांची नोकरी, चार मिनिटांत वाटून झाली! मी पाणी प्यायला उठलो, विचारूनच उठलो, आणि मागं ऐकू आलं, "सरका."

वळून बघितलं. गोल पूर्ण!

मी म्हटलं, "अरे, मी अजून गेलो नाही!" ज्ञानेश्वरी म्हणाली, अगदी मायेनं म्हणाली, मोठी बाई समजूत घालते तशी, "आसू द्या सर. जायाचं ते जातंच. आदीच सरकून बसलं की मंग लई लागत न्हाई."

नऊ वर्षांची पोरगी! तिला हे कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं. मी फक्त गोल शिकवला होता. गेल्या साली ती स्वतः गेली होती उसाला, परत आली तेव्हा तिच्या जागेवर दुसरं कुणी बसलं होतं, आणि मी तिला म्हटलं होतं, बस गं मागं कुठंतरी. आठवलं मला ते, तिथं हंडा धरून उभा असताना आठवलं, आणि पाणी न पिताच बाहेर पडलो.

हापशाजवळ गेलो, मोबाईलवर पसंतीचं पान उघडून नुसता उभा राहिलो. चार वाजले, साडेचार वाजले, पाच वाजून गेले. शॅरनचा फोन, "अहो, भरला का?" मी म्हटलं, "रेंजच नव्हती गं." ती म्हणाली, "मग आत्ता कशानं बोलताय?" आणि गप्प झाली. तुम्हाला सांगतो, वर्गाचं एक वेळ परवडलं, घर शांत असलं ना, की फार मोठं काहीतरी शिजत असतं. अजून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि पाठीला तेल मी माझं मीच लावतो, हात पुरेल तिथपर्यंत.

सोमवारी पाऊण तास आधी शाळेत पोचलो. पोरं येऊन गोलात बसल्यावर म्हटलं, पोरांनो, नाही गेलो मी! राहिलो! कुठं बसू? बारा तोंडं माझ्याकडं बघतायत. आनंद झाला असेल, नाही असं नाही, अमृतचे कान लाल झालेले मी बघितले. पण जागा कुणी करीना! ज्ञानेश्वरी म्हणाली, "सर, परत यायाचा नियम आपन केलाच न्हाई. तुमी अर्ज करा."

केला हो अर्ज! विषय, वर्तुळात परत घेण्याबाबत. कारण लिहिलं, प्रशासकीय. तिनं वाचला, त्यावर काट मारली आणि म्हणाली, "खरं कारन लिव्हा." मग लिहिलं. काय लिहिलं ते तुम्हाला सांगत नाही, पण लिहिताना कागद दोनदा बदलावा लागला.

अर्ज मंजूर झाल्यातच जमा आहे, अकरा सह्या झाल्यात. बारावी गोरक्षनाथाची, आणि तो सही न करताच गेलाय मामाच्या गावाला, बुधवारी येणार. तोपर्यंत आहे उभा, व्हरांड्यात… जिल्हा परिषदेनं बदलीसाठी नऊ वर्षं थांबवलं, तेव्हा निदान बसायला खुर्ची तरी होती!