काकूंची एक चूक

आदरणीय अध्यक्ष डॉक्टरमॅडम, स्टेजवरचे पाहुणे, वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर, आणि पहिल्या रांगेतून ‘जोरात बोल’ अशा खुणा करणारी माझी आई, सगळ्यांना नमस्कार. मी आठवीतच शाळा सोडली, भाषणाची सवय नाही. कागदाकडे बघूनच बोलते. तुमच्याकडे बघितलं की शब्द पळतात.

काकू आज हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून रिटायर होतायत. त्यांचं कौतुक सगळ्यांनी केलं. मी त्यांची चूक सांगते. चालेल ना, काकू?

तीन वर्षांपूर्वी मी याच वॉर्डात दाखल झाले, तेव्हा चौदाची होते आणि वजन नऊ वर्षांच्या मुलीचं. सगळ्यांना वाटायचं, हिला बारीक व्हायचंय. आत्या म्हणायची, “हिचा आरसा काढून घ्या आधी!” अहो, मी आरशात बघतच नव्हते! मला वास, आवाज, गिळगिळीतपणा सोसायचा नाही, आणि सांगता यायचं नाही. फक्त उकडलेला बटाटा घशाखाली उतरायचा. शुक्रवारी नाकातून नळी घालायचं ठरलं होतं.

काकूंना दया आली. त्यांनी गुपचूप बटाट्यात ताकदीची पावडर कालवली. मला एका घासात कळलं. मग बटाटाही बंद!

बुधवारी काकू एप्रनसकट वॉर्डात. सिस्टर म्हणाल्या, “काकू, इथे यायचं नाही.”

“गुन्हा माझा आहे, मग कबूल करायला कोण येणार?”

माझ्याजवळ बसल्या. “पोरी, मी कालवलं. चुकलं माझं. जिभेला काय लागलं गं?”

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, “खडू.”

“अजून?”

“ताटलीला फिनेलचा वास येतो. आणि शेजारच्या खाटेवर ताटलीत चमचा घासतात, तो आवाज.”

अर्धा तास बोलले मी. आई दारात रडत होती.

हे ऐकून डॉक्टरमॅडमनी वेगळी तपासणी केली. ऑटिझम निघाला. मॅडम म्हणाल्या, खाण्याचा त्रास असलेल्या बऱ्याच मुलांना तो असतो, पण लक्षात येत नाही. काहींना वजन वाढायचीही भीती असते, काहींना नसते. विचारावं लागतं.

त्या दिवसापासून ताटलीबरोबर चिठ्ठी यायला लागली. ‘बटाटा, मीठ. दुसरं काही नाही. खोटं निघालं तर मला बोलाव.’ शुक्रवारी मी दोन बटाटे खाल्ले. नळी पुढच्या शुक्रवारवर गेली. मग त्याच्या पुढच्या. मग आलीच नाही! सिस्टर टाळ्या वाजवायला लागल्या, तर काकूच ओरडल्या, “अगं, आवाज नको तिला!”

आज मी बुकबाइंडिंगचं काम करते. एकोणीस पदार्थ खाते. आणि ती चिठ्ठी आता या वॉर्डात प्रत्येक मुलाच्या ताटलीबरोबर जाते.

बोलू दिलंत, आभारी आहे. काही वेडंवाकडं बोलले असेन तर पोटात घाला. बाहेर जेवण मांडलंय. इतक्या माणसांत मी आजवर कधी जेवले नाही. पण काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर सकाळीच रुमाल टाकून आलेय. तिथे कुणी बसू नका.