उष्टी रीड

माझं माहेर ठाण्याचं. वडील मूळचे साताऱ्याकडचे, वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये कानस मारायचे, म्हणजे लोखंड घासून गुळगुळीत करायचे, आणि मी त्यांच्याजवळ बसून सुऱ्या-विळ्यांना धार लावायला शिकले, तेच नडलं बघा. लग्न होऊन विठ्ठलवाडीला आले तर घरात सगळे बँडवाले. दीर बँडचे मालक, आणि आमचे हे मोठी क्लॅरिनेट वाजवणारे. मोठी म्हणजे नेहमीची नाही, लांबलचक, खालून वाकलेली, घोगऱ्या आवाजाची. दिरांनी हौसेनं आणलेली. आख्ख्या कल्याणात दुसऱ्या कोणाकडे नाही असं गिऱ्हाइकाला सांगतात, खरंखोटं देव जाणे.

तिच्या तोंडाशी वेताची, बोरूसारखी एक पट्टी बांधतात, रीड म्हणतात, ती थरथरली की आवाज. विकत आणलेली जशीच्या तशी कधी वाजत नाही. काचेवर ठेवून पाठ घासायची, टोकाकडे पात्यानं खरवडायची, मग तोंडात ओली करून, बाज्याला लावून फुंकून बघायची. परत खरवडायची, परत फुंकायची. काय सांगू तुम्हाला, एकदा ह्यांना ताप होता, मी सहज म्हटलं आणा, मी घासते, आणि घासली. झालं. तेव्हापासून अडकले ती अडकलेच.

कारण आमच्यात परक्याची उष्टी रीड कुणी तोंडात घेत नाही, घरच्याची चालते. दिरांनी एकदा कारागीर आणलेला, हात चांगला होता त्याचा, पण हे म्हणाले परक्याची लाळ मी घेणार नाही. मी म्हटलं मग त्यानं न फुंकता द्यावी. तर म्हणे न फुंकता घासली ती काय घासली. घ्या! म्हणजे सगळीकडून मीच.

मग ह्यांचे पुढचे दात गेले. आता तोंड लवकर थकतं, आणि तोंड थकलं की रीड आणखी पातळ करावी लागते, तिथल्या तिथे. म्हणून प्रत्येक लग्नाला मी टेंपोत, जनरेटरशेजारी, मांडीवर काच घेऊन. लोकांना वाटतं स्वयंपाकाची बाई आलीय. एवढी लग्नं झाली, पण अक्षता टाकल्यात असं एक लग्न आठवत नाही.

यंदा माझ्या भावाच्या मुलीचं, प्राजूचं लग्न होतं, शीळफाट्याजवळ लॉनवर. बँड घरचाच. प्राजू लहानपणी माझ्याकडेच वाढलेली. ती म्हणाली, आत्या, तू माझ्या पाठीशी उभी राहायचं, टेंपोत बसलीस तर मी बोहल्यावर चढणार नाही. नुसतं बोलली नाही हं, ह्यांच्यासाठी तिनं ऑनलाइन प्लास्टिकची रीड मागवली. ही झिजत नाही, फुगत नाही, ओली करायला नको. ह्यांनी घरी बसून वाजवली, म्हणाले, चालेल की. मी जुन्या सगळ्या रीड मुद्दाम घरी ठेवल्या. पातं तेवढं पर्समध्ये राहिलं, सवय.

पैठणी नेसले. प्राजूच्या मामाशेजारी उभी राहिले, हातात अक्षता. मंगलाष्टकं सुरू झाली आणि ढोलवाला वाकून कानाशी आला, वहिनी चला, दादांच्या बाज्यातून नुसती हवा येतेय. मी म्हटलं आज नाही. तो म्हणाला मंगलाष्टकं संपली की वाजवायचं कसं मग? लांबून दीर मोठ्यानं म्हणाले, अरे, वहिनी आज पाहुण्या आहेत, पायघड्या घाला! चार बायका हसल्या. प्राजू अंतरपाटाकडे तोंड करून उभी, तिला मागे वळता येत नव्हतं. मी गेले.

टेंपोपाशी हे रीड पुढे धरून उभे. नवरदेवाच्या मिरवणुकीत वाजवून वाजवून ओठ सोललेला. मूठ मिटून पातं धरता येत नाही, तेव्हा मी मूठ सोडली. अक्षता टेंपोच्या पत्र्यावर पडल्या. रीड तोंडात घातली तसे हे म्हणाले, अगं, ही ओली करावी लागत नाही. मी म्हटलं, माहितीये. खरवडली, फुंकली, दिली. हे पळाले. मग फटाके, ताशा, आणि सगळ्यांच्या खालून ती घोगरी क्लॅरिनेट, अगदी मोकळी वाजत होती.

प्राजू त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. आता बोलते. सुखात आहे पोरगी, राहू दे सुखात, माझे सगळे आशीर्वाद तिलाच. आमच्याकडे आता प्लास्टिकच्याच रीड येतात. हे म्हणतात तुझा हात लागला की वेतापेक्षा बऱ्या वाजतात. माझ्या पाठीमागे ते पाकीट दिसतंय ना, नव्याच आहेत, उद्याच्या लग्नासाठी घासायच्यात. एकेक वर्षानुवर्षं टिकते म्हणे.