बिनआवाजाची गाडी

...नाई, डिझेलचं मी काई बोलतच नाई, डिझेलचं बोलून बोलून आमच्या इंझोरीतल्या मानसाच्या जिभा वाळल्या. मी बोलून राह्यलो उदयसिंगच्या बॅटरीवाल्या ऑटोचं, कारन तुमी सगळे आता तेच घ्यायले निंगाले नं? घ्या, कोन नाई म्हनते, पन आधी ऐका. उदयसिंग म्हनजे आमचा जीपवाला, इंझोरी ते मानोरा, बावीस वर्सं एकच मानूस अन् एकच जीप, अन् जीप तरी कशी, तं त्यानं इकडं सेल्फ मारला का तिकडं शाळेतले पोरं पाढा इसरत. पन डिझेल चढत गेलं, चढत गेलं, मानसं सीटावर बसवले, मंग पायरीवर लटकवले, मंग टपावर चढवले, आता काय बोनटवर बसवन का? कोनी म्हने गॅसची ऑटो घे, तं गॅस भरायले दूर जाय, रांगीत उभा राह्य, अन् घरी येतपर्यंत अर्धा गॅस सरला. कोनी म्हने पेट्रोलमंदी आता मक्याचं पानी टाकते, थे सस्तं पडन, तं ज्याच्या फटफटीत थे पडलं त्याची फटफटी सकाळी म्हाताऱ्यासारखी खोकलून राह्यली.

शेवटी त्यानं जीप देली गावातल्याच धरमसिंगले, अन् बॅटरीची ऑटो आनली. शोरूमवाला त्याले म्हने, "काका, धूर नाही, तेल नाही, गिअर नाही, घर्रघर्र नाही, नुसती लोण्यासारखी चालते." अन् खरंच चाले बाप्पा. मी बसलो नं पहिल्या दिवशी, मले वाटलं अजून उभीच हाय, अन् पाह्यतो तं गाव मांगं पडलं. आवाज म्हनान तं नाई.

आता ह्यात वाईट काय, तुमी म्हनान. सांगतो. उदयसिंगची माय, जमनाबाई. एक डोळा पहिलेच गेला, दुसऱ्यात धुकं, पन कान असे का कोंबडीनं पाय बदलला तं तिले समजे. बावीस वर्सं तिचं घड्याळ म्हनजे थे जीप. नाल्याच्या पुलावर जीपीचा गिअर पडला, का म्हातारी सुनेले म्हने, "पौर्णिमा, टाक तवा, आला." अन् आता? आता थो येऊन दारात उभा राह्ये तरी तिले पत्ता नाई.

"कोन हाय?"

"मीच हाय माय."

"काहून येतं रे चोरासारखा?"

आवाज म्हनान तं नाई.

एकच आवाज होता त्या ऑटोले. मांगं घेताना एक भोंगा वाजे, टीं टीं टीं टीं. आंगन लहान, दिवसातून पाच-सहा वेळा गाडी मांगं घ्या, पाच-सहा वेळा टीं टीं. म्हातारी वैतागली. "थो टीं टीं बंद कर बापा, मले वाटते माया डोक्यात कोनी खिळे ठोकून राह्यलं." उदयसिंगनं पक्कड घेतली, सीट उचलली, अन् तार तोडली. दोन मिनिटाचं काम. त्यालेही बरं वाटलं, खोटं काहून बोलू.

मंग आली रामनवमी. पोहरादेवीले जत्रा, सारा तालुका तिकडं, अन् आदल्या दिवशी असा वारा सुटला का लाइनीचा खंबा आडवा. ऑटो चार्जिंगले लावलेली तशीच राह्यली. सकाळी पाह्यतो तं बॅटरीच्या काट्यात दोनच डांड्या. पन स्टँडवर सवाऱ्या उभ्या, वर्सातले चार दिवस कमाईचे, गडी घाईत. म्हातारी आंगनात बसून मुंगवड्या टाकून राह्यली होती. कुठं? ऑटोच्या मांगं, सावलीले. तिले वाटलं गाडी उभी हाय. ह्याले वाटलं माय घरात हाय. चावी फिरवली, गाडी मांगं घेतली...

आवाज म्हनान तं नाई.

त्याले फक्त येवढं समजलं, चाक कायले तरी अडलं. पोत्याले अडते तसं. मंग एक आवाज आला, लहानसा. थो गाडीचा नोता.

पौर्णिमा धावत आली. म्हातारी आडवी, पीठ सांडलेलं, एक पाय भलत्याच बाजूले. अँब्युलन्सले फोन लावला, तं ती पोहरादेवीच्या गर्दीत, यायले वेळ लागन म्हने. जीपवाले सगळे जत्रेले. राह्यलं काय? थेच ऑटो. गादी टाकली, म्हातारीले उचलून ठेवलं, पौर्णिमानं डोकं मांडीवर घेतलं, अन् निंगाले मानोऱ्याच्या दवाखान्यात. उदयसिंगचं ध्यान रस्त्यावर कमी अन् डांड्यावर जास्त. दोनाची एक झाली. एक लुकलुकाले लागली. चढ आला, अन् चढावर ऑटो हळू झाली, आनखी हळू झाली, अन् उभी राह्यली.

थो उतरला अन् ढकलाले लागला. चैताचं ऊन, डांबर मऊ झालेलं, अन् पन्नाशीचा मानूस आपल्या मायले ढकलत नेऊन राह्यला. दहा पावलं जाय, दगड लावे, दम घे, परत ढकले. म्हातारी रडे नाई का बोले नाई. पौर्णिमाले त्याचीच भीती वाटे.

असं किती वेळ चाललं, देवाले मालूम. मंग म्हातारीनं हात वर केला.

"थांब. आपली जीप येऊन राह्यली."

पौर्णिमानं मांगं पाह्यलं. रस्ता खाली. "नाई माय, कोनी नाई."

"येऊन राह्यली म्हनतो नं. आता दुसरा गिअर टाकला त्यानं."

अन् तुमाले सांगतो, घडीभरानं वळनावर काळा धूर दिसला, अन् मांगून थे जीप, अन् धरमसिंग. दुसरी खेप भरलेली, टपावर मानसं, सगळे दर्शनाले निंगालेले. त्यानं ब्रेक मारला, खाली पाह्यलं, अन् मांगं वळून येवढंच म्हनला, "उतरा." कोनी कायले म्हनून इचारलं नाई. लेकरंबाळं घेऊन सगळे उन्हात रस्त्याच्या कडीले उभे राह्यले. म्हातारी मानोऱ्याले गेली, तेथून वाशीमले पाठवली. खुब्याचं हाड. आपरेशन, आतमंदी रॉड, अन् वॉकर धरून घरातल्या घरात चार पावलं.

गावानं काय म्हनावं? गाव येऊन बसे, चहा पिये अन् म्हने, "तुयी काय चूक बापा, गाडीच मुकी." उदयसिंग मान हालवे. जो येईन थो हेच म्हने, अन् हा मान हालवे. पन सीटखाली तुटलेली तार होती नं. थे कोनाले मालूम होतं? त्याले भाकर गिळेना. पौर्णिमा म्हने आंग दुखते का, तं हो म्हने.

एका दुपारी माय जागी होती, तं खाटीजवळ बसला अन् सांगतलं. "माय, थो भोंगा म्याच तोडला होता."



"मले मालूम हाय," म्हातारी म्हने. "म्याच सांगतलं होतं नं."

"पन तोडला म्या."

"जोडला का आता?"

"जोडला."

"मंग जाय, गाडी धू. बुधवारी मंगरूळले डॉक्टरले पाय दाखवायले जानं हाय."

बस. येवढंच. अन् तुमाले काय वाटते, सुटला का थो? आता खरी गोष्ट ऐका. जीप होती तवा माय मांगच्या सीटीवरून काई बोलली, का हा म्हने, "ऐकू नाई येत माय, घरी गेल्यावर सांग." घरी गेल्यावर कोन सांगते? बावीस वर्सं असं निभलं. आता बुधवारी चार्जिंग पुरी करून निंगाले, रस्ता खाली, ऑटो लोण्यासारखी, अन् मांगून म्हातारी बोलाले लागली.

"मी मेलो तं पहिले दौलतसिंग मामाले फोन करजो. नाई केला तं थो रुसन."

"माय, काहून असं बोलतं?"

"बोलू दे. हिरवं लुगडं पेटीत तळाले हाय. पौर्णिमाले रडू नोको देजो, तिले दम लागते. अन् ह्या ऑटोत मले नोको नेजो. धरमसिंगची जीप सांगजो. गावाले समजाले पाह्यजे का कोनीतरी चाललं."

मंगरूळ अजून लय दूर होतं. उदयसिंगनं समोर पाह्यलं, उरलेला रस्ता पाह्यला, अन् "हो माय" म्हनला. दुसरं काय म्हनन? ऐकू नाई आलं म्हनायची सोयच राह्यली नाई.