जिना चढून आलेल्यांचं मत

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. आईचे कागद घेऊन तो रांगेत उभा होता. शेजारच्या टेबलावर फॉर्म भरून घेणारी ताई फरशी पुसणाऱ्या मावशींशी बोलत होती.

“शंभरातले एक्क्याण्णव म्हणतात, जिन्याचा त्रास नाही. उद्याच्या मीटिंगमध्ये लिफ्टचा विषय संपला म्हणायचा.”

“फॉर्म कुठे भरून घेतलेत?”

“इथेच की! चार दिवस खुर्चीतून हलले नाही.”

“म्हणजे जिना चढून आले, त्यांनाच विचारलंत.”

“मग?”

“रोज खालची पायरी पुसताना मला चार-पाच म्हाताऱ्यांना पाय उचला म्हणावं लागतं. पोरं वर येऊन त्यांची औषधं नेतात. त्यांना कोण विचारणार?”

“अगं बाई! मावशी, धन्य आहे तुमची. आमच्या अख्ख्या ऑफिसात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. टेबलाला हात लावता? खालीच मांडते.”

“लावते की. फरशी तेवढी वाळू दे.”

हातातल्या फॉर्मवर ‘त्रास नाही’पुढे त्याने मघाशीच खूण केली होती.

“ताई, एक कोरा फॉर्म द्या. आई खाली पायरीवर बसलीय.”