एमेटच्या शेवंतीची शेवटची घंटी

आदरणीय अध्यक्ष फादर मिकेस्का, व्यासपीठावरचे बँडमास्तर झापालाक सर, आजच्या सत्कारमूर्ती लव्हर्नबाई ह्रुस्का, आणि जॅम भरलेले कोलाचे पाव संपवून आता नाइलाजाने माझ्याकडे बघणाऱ्या गावकरी मंडळींनो,

माझं आयुष्य ज्या क्षणी बदललं, तो क्षण या हॉलच्या मागच्याच गल्लीत, लव्हर्नबाईंच्या फुलांच्या दुकानात घडला. गेल्या सप्टेंबरात. बाईंच्या हातात ग्लू गन होती, आणि त्या म्हणाल्या, "सगळं करते रे बाळा, नावं तेवढी नको सांगूस."

पण ते पुढे. आधी सत्कार.

जुने विद्यार्थी शाळेत परततात त्या होमकमिंगच्या फुटबॉल सामन्याला या गावातल्या पोरींच्या छातीवर झळकल्या त्या सगळ्या शेवंत्या बाईंच्या हातच्या. ताटाएवढं कापडी फूल, गुडघ्यापर्यंत फिती, त्यांवर चमकीच्या अक्षरांत मुलाचं नाव, मुलीचं नाव, आणि खाली घंट्या. कितीजणींच्या कपाटात ती अजून लटकते आहे? हात वर करा. बघा! झापालाक सर, तुमच्या मिसेसनी दोन्ही हात वर केलेत. दुसरी कोणाची, ते घरी गेल्यावर विचारा.

फिती विणायला मला बाईंनीच शिकवलं. शाळा सुटली की मी दुकानात. दार उघडं राहिलं की ओरडायच्या, "कोल्टन, दार लाव! एसीची गार हवा काय गुरांना देऊ?" शेवटची घंटी मात्र त्या कोणालाच बांधू द्यायच्या नाहीत. ती स्वतः बांधणार, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "दोघं सुखी राहू देत म्हणते, आणखी काय?"

शाळेत मी एका मुलीला शेवंती दिली, माझ्या वर्गातल्या एमेटने दुसरीला. सामनाभर आम्ही बघत होतो एकमेकांकडे. मग मी लबकला कॉलेजात गेलो, तो इथे गॅरेजात राहिला. त्याच्यावाचून मला पुस्तकाचं एक पान वाचवेना. निम्म्यातूनच परत आलो. वडील म्हणाले, "तुझं होमकमिंग जरा लवकरच झालं की!"

आमचं लग्न ठरलं. एमेटला दुसरं काही नको होतं. "शेवंती पाहिजे," म्हणाला. "लव्हर्नबाईंच्या हातची. दोन्ही नावांची. शाळेत राहून गेली ना." मी हसलो. त्यात काय, दुकान आपलंच!

आणि बाई ते म्हणाल्या, नावं तेवढी नको सांगूस. वर हेही म्हणाल्या, "कायदा माझ्या बाजूने आहे म्हणून नाही रे. मला वर जाऊन उत्तर द्यायचंय."

फादर, मघाशी आपण धर्माला न पटणारं काम नाकारू देणाऱ्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यावर बोललात, टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बाईंना कोणी मनाविरुद्ध वाकवावं, असं मला खरंच वाटत नाही. पण माझ्या काकांच्या तिसऱ्या लग्नाची फुलं याच दुकानातून मीच पोचवली होती. चर्चला घटस्फोट चालत नाही, आणि आधीच्या दोन्ही काकू हयात आहेत; एक तर इथेच बसलीय. तेव्हा वर कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं? ते स्वातंत्र्य नेमकं आमच्याच नावांपाशी का जागं झालं?

त्या दिवशी मी आरडाओरडा केला, फितीचं रीळ भिरकावलं. एमेट एवढंच म्हणाला, "बिननावाची शेवंती तर आपण शाळेपासून लावतोच आहोत." मी तरीही दुकानात जात राहिलो; नाताळाआधी तो एकटाच आल्बुकर्कीला निघून गेला. गावातल्या सगळ्यांच्या गाड्या दुरुस्त करायचा, त्याच्या स्वतःच्या पिकअपचा सायलेन्सर मात्र फुटकाच. अजून कुठे तसा आवाज आला की मी खिडकीशी जातो. परवा त्याने फोन उचलला. नुसता मागे पाना पडल्याचा आवाज आला, म्हणून कळलं, तोच.

मघाशी निवृत्त होताना बाईंनी दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "चाललंय तसंच चालव," म्हणाल्या. बाई, एवढा मान मला आजवर कोणी दिला नाही. पण आधी हे खोकं उघडू द्या.

ही मी विणली. या फितीवर कोल्टन, या फितीवर एमेट. सगळ्या घंट्या बांधल्यात, एक सोडून. ही घंटी घ्या. बांधाल? दुकानदार म्हणून नको, दुकान आता तुमचं नाही. तुम्ही ते पुटपुटता ना, तेवढं पुटपुटा.

थांबा फादर, त्यांना बोलू द्या.

काय म्हणालात, बाई? "हात उचलत नाही रे"?

हो. दिसतंय मला. रडू नका. घंटी असू दे तुमच्या मुठीत. किल्ली मी इथे, कोलाच्यांच्या ताटाशेजारी ठेवतो. चाललंय तसं मला चालवता यायचं नाही.

एक घंटी कमी असलेली शेवंती घेऊन मी निघालोय. एमेट दार उघडेल का, ठाऊक नाही.

मंडळी, बोलू दिलंत, आभारी आहे. बाई, फिती विणायला शिकवलंत, त्याचे आभार तर मला फेडताच यायचे नाहीत. काही कमीजास्त बोललो असेन, तर कॉलेज अर्धवट सोडलेलं पोर म्हणून पोटात घाला.

बसा, बाई, उठू नका. दार मी लावून घेतो. गार हवा बाहेर जाणार नाही.